साडेआठ थाउ

पाहुणा म्हणून गेलेल्या माणसानं दुसऱ्याच्या हत्यारांना हात लावू नये, असं बायकोनं मला विमानातच बजावलं होतं. मागच्या नोव्हेंबरात आक्काला तिच्या लेकाकडं सोडायचं निमित्त झालं आणि आम्ही दोघंही टेक्सासला गेलो. ह्यूस्टनच्या बाहेर भाच्याचं घर. पहिले चार दिवस मी शहाण्यासारखा वागलो. पाचव्या दिवशी पहाटेच जाग आली, गॅरेजात दिवा दिसला. आत जाऊन बघतो तर हा गडी एका हातात बॅटरीचा ड्रिल आणि दुसऱ्या हातात लिंबाएवढा लोखंडी ठोकळा धरून बसलेला. ड्रिलच्या तोंडात पितळेची बारकी नळी गरगरतेय आणि ठोकळ्यातून केसासारखा पिवळा कीस खाली पडतोय.

"काय करायलास रे हे?"

"नेक टर्निंग, मामा."

टर्निंग हा शब्द ऐकल्यावर माझ्यासारख्यानं परत जाऊन झोपायचं होय? ३२ वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत लेथपुढं उभा आहे. हायड्रॉलिकवाल्यांचे बुश, स्पूल, पितळेच्या रिंगा, सगळं केलंय. लिंबाएवढ्या ठोकळ्यानं हातात धरून टर्निंग करतात हे मात्र पहिल्यांदाच बघत होतो. खुर्ची ओढली आणि बसलो. पुढचे दोन महिने त्या खुर्चीवरून उठलो नाही, असं बायको सगळ्यांना सांगते. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे.

भाचा तिथं बेंचरेस्ट खेळतो. टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवायची, १०० किंवा २०० यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या मारायच्या आणि पाचही भोकं एकमेकांच्या किती जवळ पडली ते मोजायचं. चांगल्या माणसाची पाच भोकं मिळून एकच वेडंवाकडं भोक दिसतं. असल्या खेळाला दुकानातली काडतुसं चालत नाहीत म्हणून ही मंडळी स्वतःच भरतात, आणि उडालेल्या काडतुसाचं पितळी कवच पुन्हा पुन्हा वापरतात. आपल्याकडं घरी बसून हे करायला गेलात तर १९५९ च्या शस्त्र कायद्यात आत जाल, परवान्याशिवाय काडतूस बनवायला बंदी आहे. तेव्हा हे वाचून कुणी हौस करू नका. मला तरी दारूत आणि गोळीत कुठं रस होता? माझा जीव अडकला तो मानेत.

कवचाचं वरचं टोक, जिथं गोळी धरून ठेवलेली असते, ती मान. मानेखालचा उतार म्हणजे खांदा. हे कवच रॉडमधून कोरून काढलेलं नसतं. पितळेच्या चकतीचा आधी पेला करतात, मग तो पेला डायमधून टप्प्याटप्प्यानं ताणून त्याची नळी करतात. ताणलेल्या मालाची भिंत सगळीकडं सारखी येत नाही, हे आपल्याकडच्या प्रेसवाल्या पोरालाही माहीत असतं. मान एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ आली की गोळी मधोमध बसत नाही आणि मानेची पकडही सगळीकडून सारखी राहत नाही. म्हणून मान बाहेरून तासायची आणि भिंत गोल फिरून एकसारखी करायची. एवढंच काम. लेथवाल्याच्या भाषेत, आतलं भोक धरून बाहेरचा व्यास त्याच्याशी काँसेंट्रिक करायचा.

पण हे सगळ्यांना लागतं असं नाही. भाच्याकडं शिकारीला वापरतात तसली एक साधी रायफल होती, कारखान्यातून आली तशीच. तिच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, मानेला आधीच ऐसपैस जागा. तिथं मान तासून पातळ केली तर जागा आणखी वाढते, आणि दर वेळी पितळ जास्त फुगतं, जास्त दाबावं लागतं, लवकर थकतं. तसल्या रायफलीला फार तर जाड बाजूचा उंचवटा खरवडायचा आणि गप्प बसायचं. मी त्याला तेच सांगितलं, "हिच्यासाठी पैसे घालू नकोस."

तो हसला आणि कपाटातून रायफलीची दुसरी बॅरल काढली. नवी, कारागिराकडून करून घेतलेली, ६ एमएम पीपीसी काडतुसाची. हे काडतूस १९७५ च्या सुमारास लू पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल या दोघांनी जुन्या .२२० रशियन काडतुसावरून घडवलं. पाल्मिसानो सर्जन आणि पिंडेल टूलमेकर. हे कळल्यावर मला त्या काडतुसाबद्दल उगाच आपुलकी वाटायला लागली. डॉक्टर आणि आमच्या जातकुळीतला माणूस एका टेबलाशी बसले की काम चांगलंच होणार.

तर या बॅरलचं चेंबर मुद्दाम घट्ट ठेवलेलं, मानेची जागा २६२ थाउ. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. उद्यमबागेत मिलिमीटर येऊन किती वर्षं झाली तरी जुनी माणसं अजून थाउच बोलतात. गोळीचा व्यास २४३. भरलेल्या काडतुसाची मान २६० ठेवायची म्हणजे उडताना मान फुगायला दोन थाउ जागा उरते. २६० मधून २४३ गेले, उरले १७, त्याचे निम्मे साडेआठ. भिंत साडेआठ थाउ. झेरॉक्सचे दोन कागद एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी होते, साधारण तेवढी. इथं मान जाड राहिली तर काडतूस आत जात नाही, किंवा गेलंच जोर लावून तर गोळीला सुटायला जागा मिळत नाही आणि दाब भलताच चढतो. म्हणजे या बॅरलसाठी मान तासणं ही हौस नव्हे, तासल्याशिवाय ती चालतच नाही.

आणि हा पठ्ठ्या कुठल्या हत्यारानं तासत होता? ऑनलाइन मिळालेला सर्वांत स्वस्त ठोकळा. कंपनीचं नाव सांगत नाही. त्यात मधे एक स्टीलची कांडी, म्हणजे मँड्रेल. मान त्या मँड्रेलवर चढते आणि बाजूनं कटर येतो. कटर पुढं-मागं करायला एक स्क्रू, घट्ट करायला दुसरा. मी सेटिंग केलं, डायल लावून बघितलं, मग लॉकचा स्क्रू आवळला. काटा अर्धा थाउ सरकला. सैल केला, परत लावला, परत आवळला. या वेळी दुसरीकडंच सरकला. लॉक मारल्यावर ज्याचं साइझ हलतं ते हत्यार मी आमच्या पोरांच्या हातात देत नाही. वर मँड्रेलवर मान टाकली तर ती खुळखुळ्यासारखी हलत होती. खेळ जवळजवळ दीड थाउ.

"किती कवचं वाया गेली?"

"वीस, मामा."

"आणि मोजलीस कशानं?"

त्यानं व्हर्नियर पुढं केलं. मी कपाळाला हात लावला. नळीच्या आतली बाजू वळलेली, व्हर्नियरचा जबडा सपाट. सपाट जबडा वळणात तळाला टेकत नाही, दोन कडांवर उभा राहतो आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. नळीची भिंत मोजायला आतल्या बाजूला गोल टोक असलेलं मायक्रोमीटर लागतं, बॉल मायक्रोमीटर किंवा ट्यूब मायक्रोमीटर. मितुतोयोचं मिळतं, दुसऱ्यांचंही मिळतं. त्याला म्हटलं, तासायचं हत्यार नंतर बघू, आधी हे मागव. ते येईपर्यंत आठ दिवस मी त्याला एकही नळी तासू दिली नाही. तो वैतागला. आक्का स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे त्याचं घर आहे ते!"

मायक्रोमीटर आल्यावर आम्ही न तासलेल्या दहा नळ्या घेतल्या आणि प्रत्येक चार ठिकाणी मोजली. साडेबाराच्या अवतीभवती होत्या, एकीत पाऊण थाउचा फरक, बाकीच्यांत त्याहून कमी. नावाजलेल्या फिनिश कंपनीचा माल होता, लापुआचा, म्हणून एवढं बरं. शिकारीच्या रायफलीचं स्वस्तातलं पितळ मोजलं तर एका नळीत एका बाजूला साडेपंधरा आणि समोर पावणेचौदा.

आता हत्यार निवडायची वेळ आली. त्यानं कॉम्प्युटरवर तीन काढून ठेवली होती. फॉर्स्टरच्या हातानं फिरवायच्या ट्रिमरवर, म्हणजे कवचाची लांबी छाटायच्या यंत्रावर, बसणारं एक, के अँड एमचं, आणि ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरीचं. माझा पहिला कल फॉर्स्टरकडं. बेड आहे, कॉलेट आहे, हँडल आहे, छोटी लेथच की! हातात धरायची हत्यारं मला खेळणी वाटत होती. आणि इथंच माझी ३२ वर्षं आडवी आली.

भाच्याच्या क्लबातले एक म्हातारे रविवारी घरी आले होते. सत्तरी ओलांडलेली, हात थरथरतात, पण टेबलावर बसले की एकाच भोकात पाच. त्यांनी स्वतःचं के अँड एम बरोबर आणलेलं. त्यांनी नळी ड्रिलमध्ये लावली, ड्रिल मांडीवर टेकवला आणि ठोकळा नुसता बोटांच्या टोकांत धरला, गरम कपबशी धरावी तसा. नळीचं बूड थोडं डुगडुगत होतं, पण ठोकळाही तिच्याबरोबर डुलत होता. कीस मात्र एकसारखा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अहो, हे तर फ्लोटिंग रीमर होल्डर, भोक साफ करायचा रीमर मोकळा धरणारं! आपण लेथच्या टेलस्टॉकमध्ये रीमर ताठ धरला की तो भोक मोठं करतो, फ्लोटिंगमध्ये धरला की आधीच्या भोकामागून सरळ जातो. इथंही तेच. नळीचं बूड आणि मान तंतोतंत एका रेषेत नसतात. नळीही ताठ धरली आणि कटरही ताठ धरला तर त्या दोन रेषांचं भांडण कटर मानेवर काढणार. हत्यार हातात मोकळं असलं की ते फक्त मँड्रेलचं ऐकतं. फॉर्स्टरचं वाईट आहे असं नाही, ट्रिमर असेल त्याला ते सोयीचं आहे. पण साडेआठ थाउच्या भिंतीला मला मोकळा हात जास्त पटला.

म्हणजे सगळं मँड्रेलवर आलं. मँड्रेल आणि मान यांच्यात खेळ नको आणि पकडही नको. बोटानं ढकलली की सरकली पाहिजे, सोडली की आपणहून घसरली नाही पाहिजे. यासाठी चांगल्या कंपन्या दोन कांड्या जोडीनं विकतात. एक एक्सपांडर, साधारण गोळीपेक्षा एक थाउ कमी. ती आधी मानेतून घालायची म्हणजे आतलं भोक गोल होतं आणि आतला वेडेवाकडेपणा बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. दुसरी टर्निंगची, पहिलीपेक्षा आणखी थाउभर कमी. पितळ ताणल्यावर थोडं मागं येतं, तो हिशोब धरूनच ही जोडी केलेली असते. म्हणून एक एका कंपनीची, दुसरी दुसरीची असं करायचं नाही. आणि एक्सपांड केलेल्या नळ्या डब्यात ठेवून पुढच्या शनिवारी तासायच्या नाहीत. त्याच बैठकीत तासायच्या.

साधी स्टीलची मँड्रेल पितळ ओढते. आमच्याकडं त्याला पिकअप म्हणतात, पितळेचा पातळ थर कांडीला चिकटतो आणि पुढच्या नळीच्या आत ओरखडा. त्यावर कार्बाइडची किंवा सोनेरी कोटिंगची कांडी मिळते. नसेल तर चिमूटभर वॅक्स. भाचा इंपीरियलचं डाय वॅक्स मानेत कापसानं लावायचा, तेवढं पुरतं.

कटरचा कोनही बघायला लागतो. कटरची पुढची धार खांद्याच्या कोनाला जुळली पाहिजे. .३०८ काडतुसाचा खांदा २० अंश, पीपीसीचा ३०, काही खास काडतुसांचा ४०. मान आणि खांदा जिथं मिळतात तिथं आतल्या बाजूला पितळेची एक जाड रिंग तयार होते. तिकडं डोनटच म्हणतात, आपण मेदूवडा म्हणायला हरकत नाही. कट खांद्यात किंचित उतरवला की हा वडा धरायचा थांबतो. जास्त उतरवला की नळी तिथंच कमजोर होते आणि एक दिवस मान तुटून हातात येते. आणि हे हत्यार नळीच्या तोंडावर टेकून थांबतं, म्हणून तासायच्या आधी सगळ्या नळ्यांची लांबी सारखी करून घ्यायची. नाहीतर प्रत्येकीचा कट खांद्यात वेगळा उतरणार.

आता माझी फजिती. म्हातारे गेल्यावर भाच्याच्या जुन्या ठोकळ्यातला कटर मी बाहेर काढला आणि म्हटलं, बघ, पितळेला धार कशी लावतात ते. आपण दुकानात पितळेच्या टूलला वरून रेक, म्हणजे धारेमागं उतार, देत नाही, सपाट ठेवतो. रेक दिला की टूल आत खेचलं जातं, जॉब फाटतो. तेलाच्या सहाणेवर अर्धा तास घासून मी कटर मस्त सपाट केला. नळी लावली. कीस निघेचना. नुसतं चोळल्यासारखं झालं आणि मानेवर फाटलेल्या रेघा उठल्या. परत लावली, परत तेच.

कारण मला नंतर सुचलं, झोपताना. आपल्या दुकानातलं पितळ म्हणजे आयएस ३१९ मानकाचा फ्री कटिंग, सहज कापला जाणारा रॉड. तांबं साठ टक्क्यांच्या आत आणि जोडीला दोन-तीन टक्के शिसं. शिसं असतं म्हणून चिप खडीसाखरेसारखी तुटून उडते. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त आणि शिसं नाही. ते ताणायला उत्तम, कापायला चिवट. कटाईच्या सोपेपणात आपल्या रॉडला १०० मार्क धरले तर त्याला ३० देतात. त्याला धारदार आणि थोडी उतरती धार लागते. ३२ वर्षांच्या अनुभवानं मी पोराचा एक चांगला कटर मारला. तो काही बोलला नाही. सकाळी बघतो तर मोबाईलवर नवा मागवलेला.

शेवटी त्यानं के अँड एमचं मायक्रो ॲडजस्टवालं घेतलं, जोडीच्या दोन्ही कांड्या आणि ३० अंशांचा कटर. ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरीचं घेतलं असतं तरी माझी हरकत नव्हती. पण म्हाताऱ्यांचं आम्ही हातात घेऊन बघितलं होतं आणि लॉक मारल्यावर काटा जागचा हलला नव्हता. मला तेवढं प्रमाणपत्र पुरे. जुना ठोकळा टाकायला निघाला होता तो मी टाकू दिला नाही. साडेबारावरून साडेआठवर यायचं म्हणजे चार थाउ काढायचे, ते एका कटात काढू नयेत. जुन्या ठोकळ्याला नवा कटर बसवून तो रफिंगला ठेवला. तीन थाउ त्यानं काढायचे, अर्धा इकडं तिकडं झाला तर झाला. शेवटचा एक थाउ नव्यानं. आपण बुशला तेच करतो, जुनी मशीन रफिंगला आणि चांगली फिनिशला. नव्याचं सेटिंग एकदा लावलं की त्याला हात लावायचाच नाही.

राहता राहिली उष्णता. ड्रिलवर सलग दहा नळ्या केल्या की मँड्रेल बोटाला चटका देतं. सहा मिलिमीटरची स्टीलची कांडी ३० अंशांनी तापली तर दोन मायक्रॉनच्या आसपास फुगते. ऐकायला काहीच नाही, पण जिथं फिटिंगच केसाच्या अंतराचं आहे तिथं नळी अडकायला लागते आणि कटाचं माप बदलतं. म्हणून ड्रिल हळू, हात सावकाश आणि पाच नळ्यांनंतर पाच मिनिटं थांबायचं. घाईनं पुढं ढकललं की मानेवर आटे पाडल्यासारख्या रेघा दिसतात.

निघताना भाच्यानं आठवण म्हणून एक तासलेली मान, म्हणजे रिकामं कवच, पुढं केलं. फार सुंदर झालं होतं, आरशासारखं. मी घेतलं नाही. रिकामं असलं तरी विमानतळावर उत्तरं देत बसायची कुणी? बायकोनं त्याऐवजी कुंद्याच्या मिठाईचा रिकामा डबा परत घेतला, आक्काला दिलेला.

परत आल्यावर महिन्याभरात योगायोग म्हणजे दुकानात पातळ भिंतीच्या बुशांचं काम आलं, ताणलेल्या नळीतून करायचे. आमच्या पोरानं नेहमीसारखं सपाट टूल लावलं, दोन कट घेतले आणि मान हलवत आला, "साहेब, हित्ताळि भाळ मेत्तग ऐति." पितळ फार मऊ आहे म्हणे. मी काही न बोलता टूल घेतलं आणि रेक देऊन आणून दिलं. माझ्याकडं तो असा बघत होता की म्हातारा बिघडला.

परवा सकाळी अकराला भाच्याचा फोन, तिकडं रात्रीचे साडेअकरा. चाळीस नळ्या तासून झाल्या. प्रत्येकीचे मायक्रोमीटरचे फोटो पाठवलेले. मी चष्मा लावून एकेक मोठा करून बघितला. सदतीस साडेआठ. शेवटच्या तीन सव्वाआठ.

"या तिघी करताना थांबला नव्हतास."

"जेवायला हाका मारायला लागली होती आई, मामा. म्हटलं तीनच तर राहिल्यात."

"आधी मँड्रेलला हात लावून बघितलंस काय?"

"नाही."

"त्या तीन वेगळ्या डबीत टाक. सरावाला."

फोन ठेवला आणि पुढचा बुश मँड्रेलवर चढवला. ढिला लागला. उतरवला, आणि मायक्रोमीटर कुठं ठेवलंय म्हणून पोराला हाक मारली.